तालुक्याच्या गावाचं मतदान बूथनिहाय कसं वाचायचं

"आमचं गाव पहिल्यापासून पंजाचं." "बाजारपेठ कमळाची, वाड्या साहेबांच्या." "यंदा बायकांनी निकाल फिरवला." तालुक्याच्या कुठल्याही गावात बसस्थानकासमोर चहा घ्यायला थांबलं की ही वाक्यं कानावर पडतात. त्यातलं एखादं खरंही असतं. कुठलं खरं, हे फॉर्म २० नावाच्या कागदावरून, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली याच्या अधिकृत तक्त्यावरून, बऱ्याच अंशी ठरवता येतं आणि तो कागद सर्वांसाठी खुला असतो. तो मिळवायचा कसा, त्यातले आकडे आपल्या तक्त्यात भरायचे कसे, आणि मुख्य म्हणजे त्यातून काय काढता येत नाही, हे इथे सांगितलं आहे.

दहा ते पंधरा हजार मतदारांचं, नगरपंचायत असलेलं महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव इथे डोळ्यांसमोर धरलं आहे. अशा गावात साधारण बारा ते सोळा मतदान केंद्रं असतात. एका माणसाने सहा-सात रविवार दिले तर काम होतं. दोघं असाल तर एकाने आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने भरावेत. चुका निम्म्यावर येतात.

आधी निवडणुका वेगळ्या करा

नवखा माणूस सगळे निकाल एका ओळीत मांडतो, तिथेच पहिली चूक होते. लोकसभा, विधानसभा, नगरपंचायत, बाजार समिती या चार ठिकाणी मतदाराला चार वेगळे प्रश्न विचारलेले असतात. लोकसभेची तुलना लोकसभेशी आणि विधानसभेची विधानसभेशी करायची, हा पाया.

किती मागे जायचं? विधानसभेसाठी २००९ च्या मागे नको. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये झाली, त्यामुळे त्याआधीचा मतदारसंघ नावाने तोच असला तरी त्यातली गावं वेगळी असू शकतात. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका शेजारी ठेवता येतात. त्यातही २०१४ ची विधानसभा फार मोलाची आहे, कारण तेव्हा युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या. भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे चारही पक्ष स्वतंत्र लढले आणि राज्यात अनुक्रमे १२२, ६३, ४२ आणि ४१ जागांवर आले. तुमच्या गावात प्रत्येक पक्षाची स्वतःची ताकद किती, हे त्या एका कागदावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं नंतरच्या निवडणुकांत दिसत नाही. पुढे २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. त्यामुळे २०१९ च्या घड्याळासमोर २०२४ चं घड्याळ ठेवून "मतं घटली" म्हणण्यात अर्थ नाही. पक्षाच्या नावाऐवजी स्तंभाला उमेदवाराचं आणि त्याच्या गटाचं नाव द्या.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. कपबशी, छत्री, शिट्टी अशी चिन्हं घेऊन पॅनेल उभी राहतात. निकालानंतर प्रत्येक पक्ष आपल्या ग्रामपंचायतींची यादी काढतो आणि एकच गाव दोन-दोन याद्यांत सापडतं. तो आकडा पक्षाच्या मतांसाठी वापरूच नका. मात्र पॅनेलप्रमुख कोण आणि विधानसभेला तो कोणाच्या व्यासपीठावर होता, हे टिपून ठेवा, पुढे लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गावाला नगरपंचायत मिळाली की तिथले मतदार जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मत देत नाहीत. तालुक्याची अनेक गावं २०१४-१५ च्या सुमारास नगरपंचायती झाली. त्या गावांत जिल्हा परिषदेच्या गटाची आणि पंचायत समितीच्या गणाची जुनी मालिका तिथेच तुटते.

विकास सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना यांच्या निकालातून गटांची रचना कळते, पण गावाचं मत कळत नाही. तिथे फक्त सभासद किंवा ठरावीक गटांचे प्रतिनिधी मतदार असतात. सोसायटीचा सभासद म्हणजे बहुतेक जमीन नावावर असलेला पुरुष. भूमिहीन माणूस, भाड्याने राहणारा दुकानदार, सासरी आलेली सून यांचा त्या निकालाशी संबंध नसतो.

कागद मिळवणं

लोकसभा आणि विधानसभेचे फॉर्म २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर निकालांच्या विभागात असतात. लोकसभेचा फॉर्म विधानसभा क्षेत्रानुसार वेगवेगळा असतो, आपल्या क्षेत्राचाच उतरवून घ्या. त्याच वर्षाची मतदान केंद्रांची यादी सोबत घ्या, कारण फॉर्म २० वर बूथचा नुसता क्रमांक असतो, शाळेचं नाव नसतं.

नगरपंचायतीचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. ती यंत्रणा भारत निवडणूक आयोगापेक्षा वेगळी. केंद्रनिहाय आकडे तहसील कार्यालयात मागावे लागतात. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, प्रतीच्या प्रत्येक पानाला दोन रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात एकच वाक्य लिहा: "अमुक निवडणुकीतील मतदान केंद्रनिहाय व उमेदवारनिहाय मतमोजणीच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात." कारणं विचारली, मतप्रदर्शन केलं की अर्ज परत येण्याची वाट मोकळी होते. निवडणुकीचे कागद नष्ट करण्याच्या मुदती ठरलेल्या असतात, तेव्हा निकालानंतर लवकर अर्ज करा.

मतदार यादीच्या प्रत्येक भागाचं (एका बूथच्या यादीला भाग म्हणतात) पहिलं पान हवंच. त्यावर त्या भागात येणारे विभाग लिहिलेले असतात: माळी गल्ली, जुनी पेठ, अमुक वस्ती, शिक्षक कॉलनी. पुढचं सगळं काम या पानावर उभं राहतं.

आकडे भरणं आणि पडताळणं

एका निवडणुकीतल्या एका बूथला एक ओळ. स्तंभ असे: वर्ष, निवडणूक, बूथ क्रमांक, केंद्राचं नाव, वस्ती, यादीतले मतदार, प्रत्येक उमेदवाराची मतं, एकूण वैध मतं, नोटा ("यांपैकी कोणीही नाही" ही मतं), एकूण मतं. बूथच्या यादीत किती नावं आहेत हे फॉर्म २० वर नसतं. तो आकडा मतदार यादीतून घ्यावा लागतो.

बरेच फॉर्म स्कॅन केलेले, काही हाताने भरलेले असतात. १ आणि ७, ३ आणि ८ यांची गल्लत होते. त्यावर उपाय एकच: सगळ्या उमेदवारांची बेरीज वैध मतांच्या रकान्याशी जुळली पाहिजे आणि त्यात नोटा मिळवल्यावर एकूण मतांशी. जुळलं नाही तर पुढच्या ओळीवर जाऊच नका. शेवटी सगळे बूथ भरून झाल्यावर उभी बेरीजही घ्या.

तीन गोष्टी इथे अडवतात. पहिली, टपाली मतं कुठल्याच बूथमध्ये नसतात. ती शेवटी वेगळ्या ओळीत येतात, त्यामुळे शिक्षक, पोलीस, सैनिक यांची बरीच मतं गावाच्या आकड्यात दिसत नाहीत. दुसरी, एखाद्या बूथसमोर सगळी शून्यं असू शकतात. मतदानाआधी यंत्र तपासण्यासाठी घेतलेली अभिरूप मतदानाची मतं यंत्रातून पुसायची राहिली की ते यंत्र बाजूला ठेवलं जातं आणि जिंकण्याचं अंतर मोठं असेल तर मोजलं जात नाही. ती शून्यं सरासरीत घेऊ नका. तिसरी, "१४५ अ" असं सहायक केंद्र. ते मूळ केंद्रातच मिळवा.

बूथ जुळवणं: सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचं

२०१९ चा बूथ १५१ आणि २०२४ चा बूथ १५१ एकच असेल असं धरून चालणं, ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. मतदार वाढले की केंद्रं फोडतात, क्रमांक पुढे सरकतात. २०२४ च्या विधानसभेला राज्यात एक लाखाच्या वर केंद्रं होती आणि त्याच वर्षीच्या लोकसभेनंतर बऱ्याच ठिकाणी केंद्रांची फेरमांडणी झाली होती. म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन निवडणुकांतही क्रमांक जुळेलच असं नाही.

म्हणून क्रमांक सोडा आणि वस्ती धरा. यादीच्या भागांची पहिली पानं समोर घ्या. कुठला विभाग कुठल्या वर्षी कुठल्या भागात होता, याचा तक्ता करा. डाव्या बाजूला वस्ती: गावठाण, बाजारपेठ, स्टँडमागची कॉलनी, मळा, तांडा, वाड्या. पुढे प्रत्येक वर्षाचा भाग क्रमांक. जिथे एक वस्ती दोन भागांत विभागली गेली तिथे ते दोन्ही भाग एकत्र करून "वस्तीसमूह" करा. बारा बूथचे शेवटी सात किंवा आठ समूह होतील. बारीकपणा थोडा जातो, पण तुलना खरी होते.

नगरपंचायतीचे प्रभाग सतरा असतात आणि त्यांच्या सीमा बूथच्या सीमांना कापत जातात. प्रभागाच्या यादीत प्रत्येक नावापुढे विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिलेला असतो. प्रत्येक प्रभागात कुठल्या भागातली किती नावं आली हे त्यावरून मोजता येतं. काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. प्रभाग सातमधला नगरसेवक आणि बूथ १५३ मधली विधानसभेची मतं यांचं नातं दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

तक्ता झाला की गावात पायी फिरा. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये ओढा असतो आणि त्यांची शाळा, विहीर, देऊळ वेगळं असतं. कॉलनी नावाची वस्ती निम्मी रिकाम्या प्लॉटची असते. चार वर्षांपूर्वी कुठे रस्ता झाला, कुठे पाण्याची टाकी आली, कुठे टँकर अजून येतो, हे त्याच तक्त्यात लिहा.

तीन आकडे काढा

पहिला, खरी टक्केवारी. यादीत मयतांची नावं राहतात, मुलगी सासरी गेली तरी माहेरी नाव असतं, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावं दोन ठिकाणी असतात. समजा बूथच्या यादीत १,००० नावं आहेत. ४० मयत आणि ९० कायमचे बाहेर गेलेले. ६८० जणांनी मत दिलं. कागदावर ६८ टक्के. गावात असलेल्या ८७० जणांत मात्र ७८ टक्के. बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी), आशा सेविका किंवा गल्लीतली जाणती बाई शंभर नावांमागे किती बाहेर आहेत हे अर्ध्या तासात सांगू शकते. प्रत्येक भागातली शंभर नावं अशी तपासली तरी अंदाज पुरेसा येतो.

दुसरा, उमेदवाराचा वाटा: त्याची मतं भागिले वैध मतं. नोटा वेगळा पाहा. नोटा सहसा एक-दीड टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तो वाढला की कारण शोधा. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटाला २७,५०० मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. तिथे युतीतली जागा शिवसेनेला गेली होती आणि शिवसेनेचा उमेदवार तिसरा राहिला. असा आकडा दिसला की जागावाटप आधी पाहायचं.

तिसरा आकडा, ज्यावर सगळी मदार: फरक. बूथवरच्या वाट्यातून अख्ख्या मतदारसंघातला वाटा वजा करा. समजा २०१९ ला बाजारपेठेत एका उमेदवाराला ४५ टक्के आणि मतदारसंघात ४१ टक्के होते. फरक अधिक ४. २०२४ ला बाजारपेठेत ५८ आणि मतदारसंघात ४६. फरक अधिक १२. बाजारपेठेतला वाटा १३ टक्क्यांनी वाढला, त्यातले ५ टक्के सगळीकडेच वाढले होते. गावातल्या कारणांनी वाढलेले फक्त ८. गावात "आम्ही तेरा टक्के वाढवले" असं सांगणारा कार्यकर्ता भेटेल, त्याच्या श्रमाचा खरा आकडा आठच्या आत आहे.

फरकाचा आकडा नसेल तर धक्का बसलेलं गाव स्वतःचा निकाल ओळखत नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत २०२४ च्या विधानसभेला असंच झालं. मतदारसंघात जिंकलेला उमेदवार त्या गावात मागे पडला. त्याच्या समर्थकांना ते पटलं नाही आणि त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. अशा वेळी करण्यासारखी तपासणी म्हणजे शेजारच्या आठ-दहा गावांचे फरक मागच्या निवडणुकांशी मांडून पाहणं. सगळ्या पट्ट्यात मतं त्याच दिशेने सरकली असतील तर कारण पट्ट्यात शोधायचं. एकच गाव वेगळं वागलं असेल तर त्या गावात शोधायचं, आणि तिथला फॉर्म १७ सी मतमोजणीच्या आकड्याशी ताडून पाहायचा. मतदान संपताना त्याची प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला मिळते. किती मतं नोंदली गेली ते त्यावर असतं.

मतमोजणीच्या फेऱ्यांवरून कल सांगण्याचा मोह टाळा. साधारण चौदा टेबलं असतात आणि केंद्रं क्रमांकाने येतात, म्हणजे पहिल्या फेरीत यादीतले पहिले चौदा बूथ. "पहिल्या चार फेऱ्यांत आघाडी होती, मग फिरलं" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की मतमोजणी तालुक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली.

चिन्ह की गट

ग्रामीण महाराष्ट्रातलं मत वाचताना पक्षाआधी गट पाहावा, हे आमचं ठाम मत आहे. २०२४ ची सांगलीची लोकसभा त्याचं उत्तम उदाहरण. महाविकास आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली. काँग्रेसच्या घराण्यातले विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह मिळालं लिफाफा. ते १,००,०५३ मतांनी निवडून आले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६० मतं मिळाली. पंजा यंत्रावर नव्हता, तरी पंजाची मतं कुठे जायची ते गावागावांत ठरलेलं होतं.

तुमच्या गावात हे तपासण्यासाठी एक छोटा तक्ता करा. प्रत्येक वस्तीसमूहाचे दोन-तीन जाणते घ्या: सोसायटीचा चेअरमन, माजी सरपंच, दूध संकलनवाला, तालमीचा प्रमुख. प्रत्येक निवडणुकीत ते कोणासोबत होते ते लिहा. आता माणूस ज्या वर्षी पक्ष बदलून गेला त्या वर्षीचा त्या वस्तीचा फरक पाहा. माणसासोबत मतंही सरकली असतील तर ते गटाचं मत. माणूस गेला आणि मतं तिथेच राहिली तर ते चिन्हाचं, किंवा समाजाचं, किंवा एखाद्या प्रश्नाचं. बहुतेक गावांत गावठाण आणि मळ्यांत पहिला प्रकार जास्त आढळतो. कॉलन्यांत, जिथे नोकरदार बाहेरून येऊन राहिलेले असतात, तिथे दुसरा.

गटाच्या मुळाशी रोजचे व्यवहार असतात: उसाची तोड वेळेवर येते का, सोसायटीचं कर्ज कोण मंजूर करतं, मुलीची बदली कोणाच्या चिठ्ठीवर झाली, दवाखान्यात रात्री गाडी कोणी दिली. लोक "आम्ही त्यांचे" म्हणतात तेव्हा त्यात ही जुनी देवाणघेवाण असते. तिला नुसतं पैशाचं मत म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे.

चिन्हाचा गोंधळही आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं "तुतारी वाजवणारा माणूस" हे चिन्ह नवं होतं आणि काही मतदारसंघांत अपक्षांना नुसती तुतारी, लोकांच्या भाषेत पिपाणी, मिळाली. साताऱ्यात पिपाणीला ३७,०६२ मतं पडली आणि निकालाचं अंतर ३२,७७१ होतं. दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनावही प्रमुख उमेदवाराचंच होतं आणि त्याला एक लाखाच्या वर मतं गेली. गोंधळाची खूण अशी: ज्याची गावात सभा नाही, कार्यकर्ता नाही, अशा उमेदवाराला जवळजवळ प्रत्येक बूथवर थोडी-थोडी मतं, आणि ज्या बूथवर मूळ उमेदवार भक्कम तिथे जास्त. खऱ्या अपक्षाची मतं अशी पसरत नाहीत. ती दोन-चार वस्त्यांत गोळा झालेली असतात.

जातीचा हिशेब करताना

हा भाग वगळून गावाचं राजकारण कळत नाही, आणि सगळ्यात जास्त खोटे निष्कर्षही इथेच निघतात.

आडनावावरून जात भरू नका. पवार मराठा असतात, बंजारा असतात, पारधी असतात, बौद्धही असतात. जाधव, मोरे, गायकवाड, शिंदे, साळवे यांचंही तेच. आडनावावर भरलेला तक्ता गल्लीतल्या माणसाला दाखवला की पहिल्या पानावरच दुरुस्त्या सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय आणि प्रभागनिहाय फक्त अनुसूचित जाती आणि जमातींची लोकसंख्या मिळते. बाकी समाजांची अधिकृत मोजणी तिच्यात नाही. ती १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेच्या जनगणनेत व्हायची आहे. तोपर्यंत वस्तीनिहाय ढोबळ वर्णनावरच थांबा: "बहुतांश माळी", "मिश्र", "बहुतांश बौद्ध".

आता मुख्य सापळा. समजा एका बूथवर ७०० मतं पडली. त्यातले ६० टक्के, म्हणजे ४२० मतदार एका समाजाचे. एका उमेदवारालाही नेमकी ४२० मतं मिळाली. "त्या समाजाने एकगठ्ठा मत दिलं" असं लगेच लिहिलं जातं. हिशेब करा. उरलेल्या समाजांचे २८० मतदार आहेत. त्या सगळ्यांनी त्याच उमेदवाराला मत दिलं असेल तर पहिल्या समाजातून त्याला फक्त १४० मतं लागतात. म्हणजे त्या समाजाचा पाठिंबा ३३ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो. आकडा याहून जास्त काही सांगत नाही.

जिथे वस्ती एकजिनसी आहे तिथे मात्र मर्यादा आवळते. ७०० पैकी ६६५ मतदार एका समाजाचे आणि उमेदवाराला ५६० मतं. इतरांची सगळी ३५ मतं त्याला धरली तरी ५२५ त्या समाजाची. म्हणजे पाठिंबा ७९ ते ८४ टक्के. असे एकजिनसी बूथच वापरा, आणि तिथेही लक्षात ठेवा की वस्तीत एकत्र राहणारं कुटुंब आणि बाजारपेठेत एकटं राहणारं त्याच समाजाचं कुटुंब सारखं मत देतंच असं नाही.

बीड लोकसभेत २०२४ ला ६,५५३ मतांनी निकाल लागला आणि मराठा-वंजारी अशी गावागावांत फूट पडल्याचं सर्वांनी लिहिलं. आपल्या गावापुरतं ते तपासायचं तर एकजिनसी बूथ, त्यांचे २०१९ आणि २०२४ चे फरक, आणि शेजारी मिश्र बूथ ठेवा. मिश्र बूथवर फूट कमी दिसली तर तीही बातमी आहे, ती लपवू नका.

काय बदललं, हे शोधताना

कारण जोडण्याआधी तारीख पाहा. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं. कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत मतदान २० मे ला झालं. तारखा जुळतात, पट्टा जुळतो. आता गावातले कांदा लावणारे मळे आणि कांदा न लावणाऱ्या वस्त्या वेगळ्या करून पाहा. दोन्हीकडे फरक सारखाच सरकला असेल तर कांदा हे एकटं कारण धरता येत नाही. सोयाबीनच्या पट्ट्यातही हीच रीत: २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, अडतीवर त्याहून कमी मिळत होते, आणि नोव्हेंबरची विधानसभा नेमकी माल घरात असताना आली.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, महिना १,५०० रुपये. "बायकांनी निकाल फिरवला" हे वाक्य तेव्हापासून सर्वत्र आहे. फॉर्म २० मध्ये स्त्री-पुरुष अशी फोड नसते, त्यामुळे ते थेट सिद्ध करता येत नाही. केंद्राध्यक्षांच्या नोंदीतून बूथवर किती बायकांनी मत दिलं हे मिळू शकतं. लोकसभेपेक्षा विधानसभेला बायकांचं मतदान जिथे जास्त वाढलं तिथे फरकही जास्त सरकला का, एवढं पाहता येतं. सरकला तरी "सुसंगत आहे" एवढंच लिहा.

मतदानाचा दिवसही मत बदलतो. बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळपाचा हंगामही त्याच आठवड्यात सुरू होत होता. तांड्यावरची टक्केवारी पडलेली दिसली तर "नाराजी" लिहिण्याआधी किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर गेले होते ते विचारा.

माणसांशी बोलताना

आकडे झाल्यावर बोला, आधी नको; नाहीतर पहिल्या दोन बोलक्या माणसांचं मत तुमच्या तक्त्यात शिरतं. भेटेल त्याला विचारलं तर स्टँडवरचे पुरुषच हाती लागतात. यादीतून ठरावीक अंतराने नावं काढा, दर तिसाव्या किंवा चाळिसाव्या नावाला एक. घरी माणूस नसेल तर शेजारच्याला विचारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चारशे मुलाखतींतही पाच टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना राहतेच.

कोणाला मत दिलं हे तोंडी विचारू नका. चिन्हांचा कागद द्या, पाठ फिरवा, बंद डब्यात टाकायला सांगा. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतला लोकनीती हा गट अशीच पेटी वापरतो. सुनेला सासूसमोर, सालगड्याला मालकासमोर विचारणं म्हणजे उत्तर वाया घालवणं आणि त्याला अडचणीत टाकणं. मागच्या वेळी कोणाला दिलं, याच्या उत्तरात जिंकलेल्याची मतं नेहमी प्रत्यक्षापेक्षा जास्त भरतात. तुमच्या फॉर्म २० शी ताडून ती वाढ किती आहे ते मोजा.

काय छापायचं आणि काय नाही

मतमोजणीच्या दिवशी जाळीपलीकडे बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वहीत उतरवतो आणि तिथूनच फोन लावतो. फॉर्म २० संकेतस्थळावर यायच्या कितीतरी आधी वाडीला कळलेलं असतं की आपल्या ३१० पैकी ४२ मतं "त्यांना" गेली. मग ती ४२ माणसं कोण, याची चर्चा सुरू होते. पाण्याची पाळी, रोजगार हमीचं काम, दाखल्यावरची सही, सगळ्यावर ती चर्चा पोहोचते. मतपत्रिकेच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांसाठी चौदा केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरची शिफारस निवडणूक आयोगाने २००८ मध्ये आणि विधि आयोगाने २०१५ मध्ये केली होती, पण सरकारने ती स्वीकारली नाही.

म्हणून तुमच्या लेखात तीनशेहून कमी मतांचा बूथ एकटा दाखवू नका, शेजारच्या समूहात मिळवा. एकजिनसी छोट्या वस्तीचा निष्कर्ष वस्तीचं नाव न घेता लिहा. मुलाखतींचे कागद नावाशिवाय ठेवा, यादीतल्या क्रमांकाशी जोडणारी वही काम संपताच फाडून टाका. आणि तक्ता पूर्ण झाल्यावर कुठल्याही उमेदवाराच्या कार्यालयाने तो वस्तीनिहाय मागितला, तर फक्त एकत्रित समूहांची प्रत द्या.